संशोधन प्रकल्पाचा प्रगती अहवाल ऑनलाइन भरताना

गेल्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयातली एक तरुण प्राध्यापिका माझ्याकडे आली. तिला पहिला केंद्र सरकारी संशोधन प्रकल्प मिळून वर्ष होत आलं होतं. हातात मंजुरी पत्राची प्रत, त्यावर पिवळ्या पेनाने आखलेल्या ओळी. म्हणाली, "सर, कातळसड्यावरची फुलं मला ओळखता येतात. पण हे एसई, यूसी, पीएफएमएस काय असतं ते कळत नाही, आणि पोर्टलवर आता तारीख लाल दिसायला लागलीय."

आम्ही दोन दुपारी बसलो. तिला जे सांगितलं ते इथे लिहितोय. तिच्यासारखे पहिला प्रकल्प हातात घेतलेले बरेच जण महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या महाविद्यालयांत आहेत, आणि हे कुठल्याच पीएचडीत शिकवलं जात नाही.

मी हे इतक्या कळकळीने का लिहितोय तेही आधी सांगतो. माझ्या पहिल्या प्रकल्पाचा पहिला अहवाल दोनदा परत आला. एकदा दोन कागदांतल्या आकड्यांत सत्तर रुपयांचा फरक होता म्हणून, दुसऱ्यांदा एक शिक्का राहिला होता म्हणून. तेवढ्यात पुढचा हप्ता अडकला आणि माझ्याकडच्या जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीवर काम करणाऱ्या, मुलाला चार महिने विद्यावेतन मिळालं नाही. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, शहरात खोली भाड्याने घेऊन राहणारा. त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही. मला मात्र ते अजून बोचतं. अहवाल उशिरा गेला की त्याची झळ प्राध्यापकाला क्वचितच बसते. त्याचा पगार वेगळ्या खात्यातून येतो. झळ बसते ती प्रकल्पाच्या पैशावर जगणाऱ्या मुलामुलींना.

पैसे कुठून येतात

विज्ञान-तंत्रज्ञान विभाग, जैवतंत्रज्ञान विभाग आणि आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, ही संशोधनाला अनुदान देणारी केंद्राची नेहमीची दारं. मूलभूत विज्ञानासाठी बरीच वर्षं सर्वांत ओळखीचं दार होतं ते एसईआरबीचं, म्हणजे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाचं. ते २००८ च्या कायद्याने स्थापन झालं होतं. २०२३ मध्ये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा झाला, ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू झाला आणि एसईआरबी त्यात विलीन झालं. जुन्या मंजुरी पत्रावर एक नाव आणि आताच्या ईमेलवर दुसरं नाव दिसलं तर गोंधळू नका. प्रकल्प तोच आहे.

प्रत्येक संस्थेचं पोर्टल वेगळं, रंग वेगळे, बटणांची नावं वेगळी. पण आत मागितले जाणारे कागद जवळपास सारखे असतात. एक, शास्त्रीय प्रगती अहवाल. दोन, खर्चाचं विवरण, ज्याला सगळे एसई म्हणतात. तीन, उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी. आणि या तिघांच्या मागे चौथी गोष्ट उभी असते ती पीएफएमएस. ही अर्थ मंत्रालयाच्या महालेखा नियंत्रकांची प्रणाली. केंद्राचा पैसा दिल्लीहून निघाल्यापासून तुमच्या दुकानदाराच्या खात्यात जाईपर्यंतचा माग तिथे राहतो. तुमच्या संस्थेने केलेला प्रत्येक खर्च तिथल्या ईएटी नावाच्या भागात नोंदवायचा असतो.

या चारही ठिकाणी एकच आकडा दिसायला हवा. माझ्या अनुभवात परत येणारे बहुतेक अहवाल इथेच अडखळतात.

आधी मंजुरी पत्र वाचा, आणि परत वाचा

पोर्टल उघडण्याआधी मंजुरी पत्र उघडा. त्यात फाइल क्रमांक असतो, प्रकल्प कुठल्या तारखेपासून सुरू धरायचा ते असतं आणि पैसे कुठल्या हेडखाली, म्हणजे कुठल्या प्रकारच्या खर्चासाठी, किती ते असतं. उपकरणांचा खर्च अनावर्ती, म्हणजे एकदाच होणारा. मनुष्यबळ, रसायनं, प्रवास, किरकोळ खर्च हा आवर्ती. संस्थेला सुविधांपोटी मिळणारा ओव्हरहेड वेगळा. सरकारी हिशेबात याच पैशाची आणखी एक वाटणी असते: सर्वसाधारण अनुदान, वेतनासाठीचं अनुदान आणि भांडवली मालमत्तेसाठीचं अनुदान. मायक्रोस्कोप भांडवली, काचेच्या स्लाइड्स सर्वसाधारण.

एका हेडचे पैसे दुसरीकडे वळवायचे असतील तर आधी लेखी परवानगी लागते. प्रवासाचे तीस हजार उरले आणि रसायनं संपली, तरी आपल्या मनाने फिरवाफिरव करू नका. एक ईमेल लिहा, कारण द्या, उत्तराची वाट पाहा. योग्य कारण असेल तर परवानगी मिळते, असा माझा अनुभव आहे. न विचारता केलेला खर्च मात्र नामंजूर होऊ शकतो, आणि मग तो संस्थेच्या खिशातून भरायची वेळ येते.

यूसीचं गणित

तिला सर्वांत जास्त भीती याची होती, म्हणून इथे आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला.

यूसी ही सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या जीएफआर १२-ए या नमुन्यात द्यायची असते. नमुना पाहिला की डोळे फिरतात, पण आतलं गणित चौथीतल्या मुलालाही येईल. वर्षाच्या सुरुवातीला किती शिल्लक होती, त्यावर व्याज किती मिळालं, त्यातलं सरकारला किती परत केलं, या वर्षी नवं अनुदान किती आलं. या सगळ्यातून हातात असलेली एकूण रक्कम निघते. त्यातून खर्च वजा केला की अखेरची शिल्लक.

उदाहरणाला आकडे घेऊ. १ एप्रिलला शिल्लक १,२०,००० रुपये. व्याज मिळालं ६,४००, आणि तेवढंच परत भरलं. वर्षभरात अनुदान आलं ७,५०,०००. म्हणजे हातात ८,७०,०००. खर्च झाला ६,९५,०००. शिल्लक १,७५,०००. हीच १,७५,००० पुढच्या वर्षीच्या यूसीची पहिली ओळ होणार. पुढच्या वर्षी कुणी तिथे १,७४,९३० लिहिलं, तर कागद परत येणार. माझे सत्तर रुपये असेच होते. बँकेने कापलेलं शुल्क मी एका कागदात धरलं आणि दुसऱ्यात विसरलो.

आता यातली खरी मेख. तुमच्या विद्यार्थ्याला २० मार्चला क्षेत्रभेटीसाठी ४०,००० रुपये आगाऊ दिले. तो ५ एप्रिलला बिलं घेऊन परत आला. हे ४०,००० त्या वर्षीच्या खर्चात धरायचे का? नाही. खात्यातून पैसे गेले असले तरी ते अजून 'असमायोजित अग्रिम' आहेत, म्हणजे हिशेब न मिळालेली उचल. जीएफआर १२-ए मध्ये शेवटची शिल्लक फोडून दाखवायला जागा असते: बँकेत इतके, असमायोजित अग्रिम इतके. आपल्या उदाहरणात १,३५,००० बँकेत आणि ४०,००० अग्रिम. बेरीज १,७५,०००. बँकेचं पासबुक १,३५,००० दाखवतंय आणि यूसी १,७५,००० म्हणतेय, हे पाहून तिला धस्स झालं होतं. दोन्ही बरोबर आहेत.

खरेदीचं तसंच. फेब्रुवारीत मायक्रोस्कोपची ऑर्डर दिली, तो मे महिन्यात आला आणि पैसे तेव्हा दिले, तर मार्चअखेरच्या यूसीत खर्च शून्य. काही संस्थांच्या एसईच्या नमुन्यात बांधील खर्चाचा वेगळा रकाना असतो, तिथे ऑर्डरची रक्कम लिहा. नसेल तर शेऱ्यात लिहा. पण 'पैसे जाणारच आहेत' म्हणून खर्चाच्या रकान्यात घालू नका.

व्याजाबद्दल नियम अगदी स्पष्ट आहे. अनुदानावर मिळालेलं व्याज आपलं नसतं. हिशेब पक्के झाल्याबरोबर ते भारताच्या संचित निधीत भरायचं असतं. हे भरण्यासाठी 'भारतकोष' हे सरकारी संकेतस्थळ आहे. तिथे योग्य मंत्रालय निवडून पैसे भरले की पावती मिळते, तीच यूसीसोबत जोडायची. हेड चुकीचं निवडलं तर ते पैसे दुसऱ्याच विभागाच्या नावावर जमा होतात आणि परत मिळवणं फार कटकटीचं होतं. म्हणून अनुदान देणाऱ्या संस्थेने दिलेली सूचना समोर ठेवूनच ते पान भरा.

२०२२ पासून केंद्राच्या योजनांत पैसे देण्याची पद्धत बदलत गेली आहे. पूर्वी हप्ता थेट संस्थेच्या बचत खात्यात यायचा आणि तिथे व्याज साठायचं. आता बऱ्याच प्रकल्पांना शून्य शिल्लक उपखातं असतं. पैसा मध्यवर्ती खात्यात राहतो आणि तुम्हाला एक मर्यादा ठरवून दिलेली असते. बिल आलं की त्या मर्यादेतून पैसे थेट विक्रेत्याला जातात. अशा खात्यात तुमच्याकडे व्याज साठत नाही, त्यामुळे तो रकाना कोरा न ठेवता शून्य लिहा. रिझर्व्ह बँकेतल्या ट्रेझरी सिंगल अकाउंटमधून चालणाऱ्या योजनांत न वापरलेली मर्यादा ३१ मार्चला संपते, म्हणून तिथे मोठी खरेदी फेब्रुवारीवर ढकलणं परवडत नाही. तुमचा प्रकल्प जुन्या पद्धतीचा आहे की नव्या, हे महाविद्यालयाच्या अकाउंटंटला पहिल्याच आठवड्यात विचारा. आधी जुनं, मग नवं, असं दोन्ही असेल तर दोन्ही खात्यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो.

हे सगळं वेळेवर का हवं, त्याचं उत्तर नियमातच आहे. पुढच्या वर्षासाठी मंजूर झालेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांपलीकडचा पैसा मागच्या वर्षाची यूसी आणि लेखापरीक्षित विवरण मिळाल्याशिवाय सोडता येत नाही. दिल्लीतल्या अधिकाऱ्याला तुमची कितीही कणव आली, तरी त्याचे हात बांधलेले असतात.

पावसाचं वर्ष आणि सरकारचं वर्ष

मी सह्याद्रीतल्या सड्यांवरच्या वनस्पतींवर काम करतो. जांभ्याच्या उघड्या कातळावर जून-जुलैत पहिला हिरवा थर येतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात गेंद, सीतेची आसवं, तेरडा, कवळा एकामागोमाग फुलतात आणि ऑक्टोबर सरता सरता सगळं वाळून जातं. काससारखी पठारं बघायला लोक त्या दिवसांत येतात. आमच्यासाठी वर्षाचं सगळं काम त्या अडीच-तीन महिन्यांत असतं.

सरकारचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्यात बऱ्याच योजनांत शास्त्रीय अहवाल प्रकल्पाच्या वर्षाप्रमाणे, म्हणजे मंजुरीच्या तारखेपासून बारा महिने असा मागतात, आणि एसई-यूसी मात्र आर्थिक वर्षाप्रमाणे. म्हणजे तीन दिनदर्शिका झाल्या. तिचा प्रकल्प सुरू झाला डिसेंबरात. पहिल्या मार्चअखेर चार महिन्यांत तिने फक्त जेआरएफ नेमला होता आणि एक कपाट घेतलं होतं. "यूसीत एवढासाच खर्च दिसला तर ते म्हणतील ही काहीच करत नाही," ही तिची काळजी.

कुणी असं म्हणत नाही, फक्त कारण लिहायला हवं. तिला मी हे वाक्य लिहायला सांगितलं: 'अभ्यासाच्या वनस्पती ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळातच फुलत असल्याने पहिल्या आर्थिक वर्षात क्षेत्रकार्य शक्य नव्हतं, प्रवास आणि रसायनांच्या हेडमधली शिल्लक पुढील हंगामात वापरली जाईल.' दोन ओळींत तज्ज्ञाला सगळं कळतं. शिल्लक लपवायला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नको असलेली रसायनं घेऊन ठेवणं हा याहून वाईट मार्ग आहे. ती रसायनं कालबाह्य होतात, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये गाडीचं भाडं द्यायला पैसे नसतात. मी हे होताना पाहिलंय.

प्रस्ताव लिहितानाच हंगामाचा विचार केला तर उत्तम. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. तीन वर्षांच्या प्रकल्पात तिच्या फुलोऱ्यावर काम करायचं असेल तर वर्षाची गाठ आधीच घालून घ्यावी लागते. शेतीवर, माशांवर, आदिवासी पाड्यांतल्या आहारावर काम करणाऱ्यांनाही हे लागू आहे. ज्याचा विषय ऋतूंशी बांधलेला आहे, त्याने अहवालात ऋतू लिहायलाच हवा.

शास्त्रीय अहवाल कसा लिहावा

हा अहवाल तीन प्रकारची माणसं वाचतात. एक, अनुदान संस्थेतला कार्यक्रम अधिकारी. तो स्वतः शास्त्रज्ञ असतो, पण तुमच्याच विषयातला असेल असं नाही, आणि त्याच्याकडे अशा फायलींचा ढीग असतो. दोन, तज्ज्ञ समितीतला सदस्य. त्याला तुमचा विषय तुमच्याइतकाच, कदाचित जास्त कळतो. तीन, लेखा विभागातला माणूस. तो शास्त्र वाचत नाही, पण 'दोन क्षेत्रभेटी झाल्या' आणि 'प्रवास खर्च शून्य' हे दोन्ही त्याच्या नजरेला पडतं. तिघांनाही एकच अहवाल पुरला पाहिजे.

सुरुवात मंजूर प्रस्तावातल्या उद्दिष्टांपासून करा, आणि ती शब्दशः तशीच उतरवा. मग प्रत्येक उद्दिष्टाखाली लिहा: काय ठरलं होतं, काय झालं, काय राहिलं, का राहिलं. आपण शोधनिबंधाच्या सवयीने प्रस्तावना, पूर्वसंशोधन, महत्त्व अशी चार पानं लिहितो. ती इथे कुणाला नको असतात. प्रस्ताव मंजूर करतानाच ते महत्त्व त्यांनी मान्य केलेलं आहे.

तिच्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'विविध पठारांना भेटी देऊन मोठ्या प्रमाणात नमुने गोळा करण्यात आले.' मी विचारलं, किती पठारं? म्हणाली, सहा. नमुने किती? तिने वही उघडली: १८४. त्यातले ओळख पटलेले? १३१. मग हेच लिही ना! 'सहा पठारांवरून १८४ नमुने गोळा केले, त्यांपैकी १३१ ची जातीपर्यंत ओळख झाली. उरलेल्या ५३ पैकी बहुतेक गवतवर्गीय असून फुलोऱ्याअभावी ओळख बाकी आहे.' ही ओळ वाचून तज्ज्ञाला कळतं की या मुलीने काम केलंय आणि तिला आपल्या कामाची अडचणही नेमकी ठाऊक आहे. तिच्या वहीत एवढं सोनं होतं आणि ते 'मोठ्या प्रमाणात' या दोन शब्दांखाली गाडलं गेलं होतं.

जे जमलं नाही ते लिहायला लोक घाबरतात. घाबरू नका. माझ्या दुसऱ्या प्रकल्पात ऊतीसंवर्धनाचा एक प्रयोग दीड वर्षं बुरशीपायी बिघडत होता. मी अहवालात तसंच लिहिलं, काय काय करून पाहिलं त्याचा तक्ता दिला. समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी आढावा बैठकीत त्यावर वीस मिनिटं बोलून मला बियाणं निर्जंतुक करायची वेगळी रीत सुचवली. पुढच्या चार महिन्यांत प्रयोग लागला. लपवला असता तर मला ती मदत कुठून मिळाली असती? लोकांच्या पैशाने केलेल्या कामात काय चाललं नाही, हेही लोकांचंच ज्ञान आहे. उद्या दुसऱ्या कुणाला तोच खर्च पुन्हा करावा लागू नये.

प्रकाशनांच्या रकान्यात फक्त याच प्रकल्पातून झालेलं काम लिहा. शोधनिबंधाच्या आभारात प्रकल्पाचा फाइल क्रमांक छापलेला असायला हवा. तो नसेल तर तो निबंध प्रकल्पाच्या खात्यात धरला जाणं अवघड. तिच्या एका निबंधाचं मुद्रित तपासायला आलेलं होतं आणि त्यात क्रमांक नव्हता. तिथल्या तिथे संपादकांना लिहून तो घालून घेतला.

मनुष्यबळाच्या भागात कोण, कधी रुजू झालं, कधी सोडून गेलं हे तारखांसह द्या, कारण विद्यावेतनाचा खर्च याच तारखांशी ताडून पाहतात. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचं विद्यावेतन ३१,००० वरून ३७,००० आणि एसआरएफचं, म्हणजे ज्येष्ठ शिष्यवृत्तीधारकाचं, ३५,००० वरून ४२,००० झालं. शिवाय घरभाडं. एखाद्या प्रकल्पाचा मनुष्यबळाचा आकडा जुन्या दराने मंजूर झाला असेल तर तफावत आपोआप येत नाही. ती एसईमधल्या पुढच्या वर्षाच्या मागणीच्या रकान्यात दाखवून, सोबत पत्र लिहून मागावी लागते. मुलांना वाढीव दर ठाऊक असतो, ती संकोचाने विचारत नाहीत. आपण होऊन मागा.

सही, शिक्का आणि मग पोर्टल

यूसीवर वित्त विभागाच्या प्रमुखाची आणि संस्थाप्रमुखाची सही लागते, शिवाय बहुतेक ठिकाणी प्रमुख संशोधकाची. महाविद्यालयात म्हणजे अकाउंटंट आणि प्राचार्य, विद्यापीठात वित्त व लेखा अधिकारी आणि कुलसचिव. लेखापरीक्षित विवरण मागितलं असेल तर सीएची सही, सदस्यत्व क्रमांक आणि शिक्का. प्राचार्य परीक्षांच्या कामात, सीए करभरणीच्या हंगामात, अकाउंटंट पगारपत्रकात. एप्रिल-मे महिन्यांत हे तिघे एका आठवड्यात सापडणं कठीण. म्हणून कच्चा हिशेब १० एप्रिलपर्यंत तयार ठेवायचा आणि अकाउंटंटला स्वतः जाऊन भेटायचं, शिपायाच्या हाती फाइल पाठवून मोकळं व्हायचं नाही. या माणसांना प्रकल्प काय आहे हे एकदा नीट सांगा. आमच्या अकाउंटंट बाईंना मी एकदा सड्यावरच्या कंदीलपुष्पाचे फोटो दाखवले होते. तेव्हापासून त्या स्वतःहून विचारतात, "सर, यंदाची यूसी कधी?"

डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, उपकरणाची नोंद, बिलावर त्या नोंदीचा पान क्रमांक, आणि अहवालातल्या उपकरणांच्या यादीत तेच नाव, तीच किंमत. करासह की कराविना, हे सगळीकडे एकसारखं ठेवा.

पोर्टलबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. अहवाल आधी वर्डमध्ये लिहा आणि मग रकान्यात चिकटवा, कारण बराच वेळ काही केलं नाही की पोर्टल बाहेर काढतं आणि न जपलेला मजकूर जातो. अंश, मायक्रो, वर्ग अशी चिन्हं चिकटवल्यावर बिघडतात, ती एकेक पाहा. लॅटिन नावं तिरप्या अक्षरांत ठेवायची सोय बहुधा नसते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पीडीएफची कमाल किती साइज चालेल ते लिहिलेलं असतं. स्कॅन करताना शिक्का वाचता येईल एवढा स्पष्ट ठेवून मगच फाइल लहान करा. शेवटचं 'सादर करा' बटण दाबण्याआधी पूर्वदृश्य पाहा, कारण सादर झाल्यावर फाइल सहसा कुलूपबंद होते आणि दुरुस्तीसाठी अधिकाऱ्याला विनंती करावी लागते. सादर झाल्याची पोच डाउनलोड करा. पासवर्ड विद्यार्थ्याच्या भरवशावर ठेवू नका. तो नोकरी लागून निघून जातो आणि पासवर्ड बदलायची लिंक त्याच्या मोबाइलवर येत राहते.

आणि कागदी मूळ प्रती जपून ठेवा. लेखापरीक्षण काही वर्षांनीही होऊ शकतं.

मुदत वाढवायची असेल तर, आणि संपवताना

काम अपुरं राहणार असं दिसत असेल तर मुदतवाढीचा अर्ज प्रकल्प चालू असतानाच करा, शक्य तर तीन-चार महिने आधी. मुदत उलटून गेल्यावर केलेला खर्च मान्य होण्याची शाश्वती नसते. वाढीव पैसे न मागता फक्त वेळ मागणं तुलनेने सोपं जातं, आणि त्या काळातलं विद्यावेतन शिलकीतून कसं देणार तेही अर्जात लिहा. तुमची बदली झाली, दुसऱ्या संस्थेत नोकरी लागली, तरी प्रकल्प सोबत नेता येतो, पण दोन्ही संस्थांचं लेखी ना-हरकत आणि तोवरची यूसी लागते.

शेवटी पूर्णता अहवाल, सगळ्या वर्षांचं एकत्रित एसई, अंतिम यूसी, मालमत्तेची यादी, आणि उरलेल्या पैशांचा परतावा. उपकरणं संस्थेकडे राहतात, पण परवानगीशिवाय विकता किंवा मोडीत काढता येत नाहीत. यातला एक कागद जरी राहिला तरी प्रकल्प त्यांच्या नोंदीत उघडाच राहतो, आणि नवा प्रस्ताव पाठवताना तो आडवा येतो.

दुसऱ्या दुपारी पाचच्या सुमारास तिची यूसी, एसई आणि अहवाल तिन्ही चढले. पीएफएमएसच्या आकड्याशी शेवटचं एकदा ताडून पाहिलं, जुळला. पोच तिने ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवली. मी म्हटलं, आणखी एका माणसाला पाठव. तिने माझ्या टेबलावरूनच तिच्याकडच्या जेआरएफ मुलीला निरोप टाकला: "यूसी अपलोड झाली गं. आता हप्त्याची वाट बघू." लगेच उत्तर आलं: "थँक यू मॅडम. घरमालकांना सांगते."